काटा आधी शून्यावर आणा

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात शस्त्रसंधी झाली. आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर मात्र ती अजून व्हायची आहे. एकाचा स्टेटस इस्रायलच्या झेंड्याचा, दुसऱ्याचा पॅलेस्टाइनच्या. दोन रील्स येतात, चार शिव्या पडतात आणि पाचव्या मेसेजला विषय गाझाचा राहतच नाही. 'तुमचे लोक' आणि 'आमचे लोक' सुरू होतं. एकमेकांच्या नोट्स झेरॉक्स करणारी, परीक्षेला एकाच गाडीवर जाणारी पोरं दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. ज्या देशात आपल्यातलं कुणी पाऊलही ठेवलेलं नाही, त्याच्यासाठी!

'लांबचं आहे, सोडून द्या' असंही म्हणता येत नाही. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि डीएपी खत घेऊन येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, सुमारे ६,५०० किलोमीटर जास्त अंतर कापून येऊ लागली. २०२४ च्या रब्बीत डीएपी का मिळत नाही, याची जी कारणं केंद्र सरकारने दिली त्यात हेही एक होतं. म्हणजे या युद्धाची झळ खताच्या दुकानापर्यंत आली. त्यामुळे बातमी वाचायलाच हवी. प्रश्न आहे तो कशी वाचायची.

'एखादं निष्पक्ष चॅनेल सांग ना,' असं पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला हमखास विचारलं जातं. असं एक चॅनेल नाही. पण एक सवय आहे आणि ती तुमच्या घरात आधीपासून आहे. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेले तुमचे वडील किंवा काका काय करतात? काटा आधी शून्यावर आहे का ते बघतात. एका व्यापाऱ्याने ओलावा जास्त सांगितला, तर दुसऱ्याच्या मीटरवर तपासून घेतात. मालाच्या बाबतीत आपण इतके सावध असतो, मग बातमीच्या बाबतीत इतके भोळे का?

दोन उदाहरणं बघा. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला. सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतर चारच दिवसांत '४० बाळांचा शिरच्छेद' ही बातमी जगभर फिरली. तिची पुष्टी कधीच झाली नाही. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी असे फोटो पाहिल्याचं बोलून टाकलं आणि नंतर व्हाइट हाउसला खुलासा करावा लागला की त्यांनी स्वतः ते पाहिलेले नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचं. १७ ऑक्टोबरला गाझातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला. 'इस्रायलच्या हल्ल्यात ५०० ठार' अशी ब्रेकिंग न्यूज लागली. इस्रायलने हे नाकारून पॅलेस्टिनी गटाच्या भरकटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवलं. ह्युमन राइट्स वॉचनेही नंतर उपलब्ध पुरावे रॉकेटकडेच निर्देश करतात असं म्हटलं, पण पूर्ण चौकशीची गरजही सांगितली. न्यूयॉर्क टाइम्सने २३ ऑक्टोबरला टिपणी छापून मान्य केलं, की सुरुवातीच्या बातमीत हमासच्या दाव्यांवर जास्तच विसंबून राहिलो.

पण इथे थांबू नका. शिरच्छेदाची बातमी टिकली नाही म्हणून ७ ऑक्टोबरला मुलं मारली गेली हे खोटं ठरत नाही. अल-अहलीची पहिली बातमी टिकली नाही म्हणून गाझातले ६० हजारांहून जास्त मृत्यू पुसले जात नाहीत. हा आकडा हमासच्या प्रशासनाखालच्या आरोग्य मंत्रालयाचा आहे आणि त्यात सैनिक व नागरिक वेगळे मोजलेले नाहीत, हे सांगायलाच हवं. संयुक्त राष्ट्रं तोच आकडा वापरतात, हेही सांगायला हवं. यातलं एकच वाक्य सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण अर्धं बोलत असतो.

तिथली माहिती मिळवणंही सोपं नाही. युद्धकाळात इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलं नाही. लष्करासोबत, त्यांनी दाखवलं तेवढंच बघता आलं. आतून बातम्या दिल्या त्या पॅलेस्टिनी पत्रकारांनी, आणि त्यांच्यातले शंभराहून अधिक मारले गेले. म्हणून बातमीत 'लष्कराने म्हटलं', 'मंत्रालयाचा दावा' हे शब्द आले की ते गाळू नका. खरी माहिती तिथेच असते.

शब्दांकडेही बघा. एका बाजूची माणसं 'ठार मारली' आणि दुसऱ्या बाजूची 'मृत्युमुखी पडली', असं एकाच बातमीत दिसलं तर समजा, काटा शून्यावर नाही.

भारताचंच घ्या. २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबरला शस्त्रसंधीच्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिलं. यातली एकेक तारीख उचलून 'भारत इस्रायलसोबत' आणि 'भारत पॅलेस्टाइनसोबत' अशा दोन्ही रील्स बनवता येतात. दोन्ही तारखा एकत्र वाचणाऱ्यालाच खरी गोष्ट कळते.

मग करायचं काय? व्हिडिओ आला की त्याचा एक स्क्रीनशॉट गुगल लेन्सवर टाका. सीरियातले जुने फोटो, अगदी व्हिडिओ गेममधली दृश्यंही गाझाची म्हणून फिरली आहेत. मोठी बातमी असेल तर एक दिवस थांबा. अल जझीरा वाचताना त्यामागे कतार सरकारचा पैसा आहे हे लक्षात ठेवा आणि त्याच घटनेवर इस्रायलमधलं हारेट्झ काय म्हणतं तेही बघा. हे इस्रायली वृत्तपत्र स्वतःच्याच सरकारवर कडक टीका करतं. आपल्या बाजूला प्रश्न विचारणारी माणसं दोन्हीकडे असतात, त्यांना शोधा. इंग्रजी जड जात असेल तर फोनमधलं भाषांतर वापरा, कामापुरतं कळतं.

समतोल म्हणजे मत नसणं नव्हे. कुणाचं चुकलं हे तुम्ही जरूर ठरवा, ठामपणे बोला. फक्त दोघांनाही एकच माप लावा. लहान मूल सदेरोतमधलं असो की खान युनिसमधलं, वजन करताना बोट काट्यावर नको.

आणि आज ग्रुपवर पुढची रील आली, की पाठवणाऱ्याला शिवी देऊ नका. 'हे कुठून आलं रे?' एवढंच विचारा. तो आपला वर्गमित्र आहे. उद्या नोट्स त्याच्याकडूनच घ्यायच्या आहेत.