संकेतस्थळ उभारण्यापूर्वी

मुद्रण आणि प्रकाशन या धंद्यांत दोन-दोन पिढ्या घालविलेले आमचे व्यवसायबंधू जेव्हा आपले पहिले संकेतस्थळ उभारावयास निघतात, तेव्हा त्यांची सारी पृच्छा मुखपृष्ठाचा रंग कोणता आणि चित्रे किती, याच गोष्टींभोवती घोटाळत राहते. वस्तुतः जावजी दादाजींनी १८६४ साली आधी खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना त्यानंतर, १८६९ साली, सुरू केला, हा आपल्याच व्यवसायाचा इतिहास आहे. सिद्धता आधी आणि शोभा मागून, हा क्रम नव्या माध्यमातही तोच आहे.

या सिद्धतेतील पहिली बाब म्हणजे डोमेन, अर्थात संकेतस्थळाचे नाव. ते कायमचे विकत मिळते असा सार्वत्रिक समज असला, तरी हा व्यवहार खरेदीखताचा नसून भाडेपट्ट्याचा आहे: एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नाव आपल्याकडे राहते, मुदत सरताना पट्टा नव्याने करून घ्यावा लागतो, आणि त्यात कसूर झाल्यास तेच नाव यथावकाश तिऱ्हाइताच्या हाती जाऊ शकते. म्हणूनच नोंदणी कोणाच्या नावे आहे आणि नूतनीकरणाची सूचना कोणाच्या ईमेलवर येते, हे सातबारा पाहावा तितक्या बारकाईने पाहिले पाहिजे. आम्ही स्वतः ही दक्षता घेतली नव्हती. या मासिकाचे पहिले स्थळ ज्या गृहस्थांनी बांधून दिले, त्यांनी नाव अनवधानाने स्वतःच्याच खात्यावर नोंदविले. पुढे ते परगावी गेले, मुदत टळली, आणि आमच्या अंकावर छापलेला पत्ता महिनाभर निरर्थक होऊन बसला.

नाव निराळे आणि मजकूर ज्या सर्व्हरवर ठेवावयाचा ती होस्टिंगची जागा निराळी; दोहोंच्या पावत्या आपल्या दफ्तरी आणि संपूर्ण स्थळाची एक प्रत आपल्या संगणकावर असली, म्हणजे बिऱ्हाड हलविण्याची वेळ आली तरी चिंता उरत नाही.

राहता राहिली अक्षरे. आपल्या छापखान्यांतील जुन्या फाँटांत डोळ्यांना देवनागरी दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. तो मजकूर तसाच चढविला, तर ग्रंथाचे नाव शोधणाऱ्या वाचकास शोधयंत्र आपल्या दारापर्यंत आणू शकत नाही. ज्या १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचे पहिले संकेतस्थळ जिनीव्हाजवळील सर्न संस्थेतून जगापुढे आले, त्याच साली युनिकोडमध्ये देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला होता. तेव्हा ग्रंथसूचीचे रूपांतर युनिकोडमध्ये करावे, आणि रूपांतरात रफार व जोडाक्षरे निखळतात हे ध्यानी ठेवून तिची मुद्रिते पुस्तकाच्या मुद्रितांइतक्याच कसोशीने तपासावीत.

पहिल्या स्थळास परिचय, सूची, किमती, विक्रीची ठिकाणे आणि पत्ता एवढी पाच पाने पुष्कळ झाली. सजावट पुढेही करता येईल. मात्र ज्यांचे स्थळ आधीच उभे आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवताच नोंदणीची पावती काढून तीवरील नाव वाचावे, आणि ते अन्य कोणाचे आढळल्यास याच आठवड्यात बदलून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.