१७ सप्टेंबरपर्यंत लेखी उत्तर द्या : मातृभाषेच्या शाळांसाठी किल्लारीचा जाहीर इशारा

महाराष्ट्र सरकार, कर्नाटक सरकार आणि लातूर जिल्हा परिषद, तिघांनाही हा इशारा आहे. तो किल्लारी आणि पंचक्रोशीतल्या गावांतले, तांड्यांवरचे पालक देत आहेत. मूल घरी ज्या भाषेत बोलतं, त्याच भाषेत त्याचं सुरुवातीचं शिक्षण झालं पाहिजे. पालक मागत असतील तर सरकारनं ते दिलंच पाहिजे. हा नियम सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असा चालणार नाही.

आम्ही मेहेरबानी मागत नाही. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं की शाळेत एखाद्या भाषेची ४० मुलं असतील किंवा एका वर्गात १० असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत ३५०-क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून पुरेशा सोयी करायच्या, असं ते कलम सांगतं. ही जबाबदारी राज्याची आहे, तशीच स्थानिक प्राधिकरणाचीही आहे. म्हणून जिल्हा परिषदेनं 'वरून आदेश नाही' असं सांगून हात झटकू नयेत. आदेश घटनेचा आहे. राज्यं ऐकत नसतील तर राष्ट्रपती थेट निर्देश देऊ शकतात, हेही त्याच कलमात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 'शक्य तिथे' असं म्हणत तेच सांगितलं. या 'शक्य तिथे'च्या आडोशाला सरकारं आजवर बसून राहिली. आता तिथून बाहेर या.

किल्लारीनं या विषयात का पडावं, असं कुणी विचारेल. हा निजामाचा मुलूख होता. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी प्रजा बहुसंख्य असूनही शिकून पुढं जायचं तर उर्दूतूनच जावं लागे. अशा काळात, १९२१ साली, आमच्या शेजारच्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. आज ते गाव लोहारा तालुक्यात येतं. पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ या शाळेत मास्तर होते. त्यांचा जन्म सिंदगीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. कर्नाटकात जन्मलेल्या माणसानं मराठवाड्यातल्या खेड्यात मुलं शिकवली, ती सरकारच्या भाषासक्तीला न जुमानता. ज्या मुलखानं हे सोसलं आणि त्याविरुद्ध लढा दिला, तो आज कुणाच्याही लेकरावर हीच वेळ आलेली बघत गप्प बसणार नाही.

कर्नाटक सरकारला आमचं सांगणं असं. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर आणि भालकी, औराद, हुमनाबाद हे सगळे तालुके एकाच बिदर जिल्ह्यात होते. दुसऱ्या दिवशी रेघ ओढली गेली. निलंगा, उदगीर, अहमदपूर इकडे आले, भालकी, औराद, हुमनाबाद तिकडे गेले. सोयरीक मात्र तुटली नाही. निलंग्याची लेक आजही भालकीत नांदते. तिचा मुलगा सुट्टीत आजोळी येतो, मामाच्या लग्नाची पत्रिका हातात घेतो आणि ती आजोबांना वाचून दाखवता येत नाही म्हणून खाली ठेवतो. तो हुशार आहे, शाळेत रोज जातो, कन्नड चांगलं लिहितो. पण आईच्या भाषेचा शिक्षक त्याला मिळालेला नाही. सीमाभागातल्या मराठी शाळांच्या तक्रारी काही आजच्या नाहीत. मास्तर निवृत्त झाला की त्याची जागा रिकामीच राहते, पुस्तकं उशिरा येतात, सरकारी कागद कन्नडमधूनच येतो, आणि मग पट कमी झाला म्हणून त्याच शाळेला दोष दिला जातो.

कन्नड शिकायला सीमाभागातल्या मराठी माणसाची ना नाही. २०१५ च्या तुमच्या कायद्यानं शाळांत कन्नड शिकणं सक्तीचं केलं. राज्याची भाषा प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे. पण कन्नड शिकवायची म्हणून मराठी काढून घ्यायची, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. कासरगोडच्या कन्नड मुलांवर मल्याळम लादू नका, असं तुम्ही केरळला वर्षानुवर्षं सांगत आलात. ते बरोबरच आहे. मग कासरगोडला जो न्याय मागता, तोच भालकीला आणि बसवकल्याणला द्या.

सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आता स्वतः लेकरांचे आईबाप होत आहेत. गावं कुणाची हे न्यायालय ठरवील तेव्हा ठरवील. शाळेतला शिक्षक नेमायला त्या निकालाची वाट बघायची गरज नाही. दोन्ही सरकारांनी दाव्याच्या आड लपणं बंद करावं.

आता महाराष्ट्र सरकारशी बोलायचं आहे, आणि इथं आम्ही जास्त कडक बोलणार आहोत, कारण हे आमचं सरकार आहे. बेळगाव, बिदरच्या मराठी मुलांसाठी तुम्ही विधिमंडळात ठराव करता. मग लातूर, नांदेडच्या तांड्यावरच्या बंजारा मुलाचं काय? घरात तो आईला याडी म्हणतो, भाकरीला बाटी म्हणतो, दिवसभर गोरमाटीत बोलतो. सहाव्या वर्षी त्याला पहिलीत बसवतात आणि पहिल्या तासापासून मराठी सुरू होतं. बाई चित्र दाखवून विचारतात, मुलाला चित्र कळतं, प्रश्न कळत नाही. तो मान खाली घालतो. आठवडाभरात त्याच्या नावापुढं 'मंद' असा शेरा बसतो. पुढं ऊसतोडीच्या हंगामात आईबापाबरोबर कारखान्यावर गेलेला तो मुलगा परत शाळेकडे वळत नाही, आणि आपण म्हणतो या समाजाला शिक्षणाची गोडी नाही. हा शेरा आधी सरकारच्या नावापुढं लागला पाहिजे.

किनवट, माहूरकडच्या गोंड आणि कोलाम मुलांची गत वेगळी नाही. बालभारती कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती, सिंधी माध्यमाची पुस्तकं छापते, हे तिला शोभतं. पण त्या माध्यमांत गोरमाटी नाही, गोंडी नाही, कोलामी नाही. सरकारनं केलं नाही ते गावानं केलं तर काय होतं, हे गडचिरोलीत दिसलं. २०१९ साली मोहगावच्या ग्रामसभेनं गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवून बंद करायची नोटीस दिली आणि गावाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात भाषेच्या राज्यात दुसऱ्या मायबोलीला नोटीस जाते, ही लाजेची गोष्ट आहे.

लिपी नाही, ही सबब सांगू नका. गोरमाटी देवनागरीत लिहिली जाते आणि छापलीही जाते. शिक्षक नाहीत, हेही सांगू नका. तांड्यातांड्यावर डी.एड. झालेली मुलंमुली भरतीची वाट बघत बसली आहेत. हे जमत नाही, असं तर मुळीच सांगू नका. ओडिशानं २००६-०७ पासून आदिवासी भाषांत पुस्तकं काढून पहिलीपासून शिकवायला सुरुवात केली. मूल आधी आपल्या बोलीत वाचायला शिकतं, मग राज्याच्या भाषेकडे जातं. आम्हालाही एवढंच हवं आहे.

पालकांनाच इंग्रजी हवी आहे, असंही सांगितलं जातं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कर्नाटकच्याच खटल्यात निकाल दिला की सरकार मातृभाषेचं माध्यम पालकांवर लादू शकत नाही. आम्हालाही लादायचं नाही. ज्याला इंग्रजी हवी त्यानं खुशाल घ्यावी. पण जो पालक मातृभाषा मागतो त्याला दारातून परत पाठवण्याचा अधिकार त्या निकालानं सरकारला दिलेला नाही.

आणि पटसंख्येची ढाल पुढं करू नका. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा घाट राज्यानं घातला. अशा सुमारे १५ हजार शाळा निघाल्या. पटाच्या नावाखाली काय होतं हे बघायचं असेल तर ग्रीसकडे बघा. तिथल्या पश्चिम थ्रेस भागातल्या तुर्की बोलणाऱ्या मुस्लिमांना १९२३ च्या लोझानच्या तहानं स्वभाषेत प्राथमिक शिक्षणाचा हक्क दिला. तह आजही कायम आहे. पण मुलं कमी झाली म्हणत एकेक शाळा बंद होत गेली आणि आता त्यांची संख्या शंभराच्या खाली आली आहे. बालवाडी सक्तीची झाली, पण ती फक्त ग्रीक भाषेची. मूल तिथं भाषा बदलूनच पहिलीला येतं. कागदावरचा हक्क कुणी रद्द केलेला नाही, तो वापरायला मूलच उरू दिलं नाही. आमच्या तांड्यांवर आणि सीमाभागात हेच चाललं आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आमची गावं जमीनदोस्त झाली. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरल्या. हजारो माणसं गेलेल्या मुलखात शाळा पुन्हा उभी राहू शकते, तर धडधाकट गावात ती पटाच्या कारणानं बंद का पडावी?

आमच्या मागण्या अशा :

१. ज्या शाळेच्या एका वर्गात एका बोलीची १० मुलं आहेत, तिथं ती बोली जाणणारा शिक्षक येत्या जूनपर्यंत नेमा. १९४९ चा निकष तुमचाच आहे.

२. गोरमाटी, गोंडी आणि कोलामीत पहिली-दुसरीची पुस्तकं बालभारतीनं काढावीत आणि ती शाळा उघडायच्या दिवशी मुलांच्या हातात द्यावीत.

३. भाषिक अल्पसंख्याकांची आणि तांडा-पाड्यांवरची एकही शाळा पटसंख्येच्या कारणावरून बंद किंवा विलीन करू नये.

४. अक्कलकोट, जत भागातल्या कन्नड शाळांना महाराष्ट्रानं कन्नड शिक्षक पूर्ण द्यावेत. बिदर, बेळगावच्या मराठी शाळांना कर्नाटकनं मराठी शिक्षक पूर्ण द्यावेत. दोन्ही राज्यांनी रिकाम्या जागांची यादी जाहीर करावी.

५. मोहगावसारख्या ग्रामसभेच्या शाळांना नोटिसा देणं थांबवून मान्यता द्यावी.

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी झेंडा फडकवून मंत्री भाषण करतील. त्याआधी या पाच मागण्यांवर तारखेसह लेखी उत्तर आलं पाहिजे. 'विचाराधीन आहे' हे उत्तर आम्ही उत्तर धरणार नाही.

उत्तर आलं नाही तर काय होईल, तेही आत्ताच सांगतो. गावोगावी ग्रामसभांचे ठराव होतील आणि ३५०-क खाली निर्देश द्यावेत म्हणून ते राष्ट्रपतींकडे जातील. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात याचिका दाखल होईल. १ नोव्हेंबरपासून लातूर जिल्हा परिषदेच्या आवारात तांड्यावरच्या मुलांची शाळा भरेल, गोरमाटीत भरेल आणि शिक्षक नेमेपर्यंत रोज भरेल. निवडणुकीत या मागण्यांवर लेखी हमी न देणाऱ्या उमेदवाराला आमच्या गावात सभा घेऊ दिली जाणार नाही, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

आम्ही एसटीची काच फोडणार नाही, कन्नड पाटीला काळं फासणार नाही, कुठल्याही भाषेच्या माणसाला बोल लावणार नाही. भांडण सरकारांशी आहे. पण आमच्या शांतपणाला कुणी दुबळेपणा समजू नये. निजामाच्या फर्मानाला न घाबरता शाळा चालवणाऱ्यांचा हा मुलूख आहे. मुदत १७ सप्टेंबर. ती वाढवून मिळणार नाही.