झेरॉक्स दिली, खातं उघडलं
साप्ताहिक सदर : पासबुक

देशातलं पहिलं आधार कार्ड खान्देशात निघालं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, ते गावातल्याच एका महिलेला मिळालं. ज्यांच्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता, त्यांना ओळख मिळणार होती. ती मिळाली. आता दुखणं वेगळं आहे : ओळख एकाची, वापरणारा भलताच.

धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवरच्या मालेगावात नोव्हेंबर २०२४ मध्ये काही तरुणांनी पोलिसांत धाव घेतली. नोकरीचं आमिष दाखवून त्यांच्याकडून आधार, पॅन घेतलं गेलं आणि एका सहकारी बँकेच्या शाखेत त्यांच्या नावाने खाती उघडली गेली. त्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरल्याचं तपासात पुढे आलं. १४ नोव्हेंबरला ईडीने महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये छापे टाकले.

चोरीसाठी कुलूप तोडावं लागत नाही. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पाहावं : तिरकी आलेली प्रत मशीनशेजारच्या खोक्यात पडते, गिऱ्हाईक चांगली प्रत घेऊन निघून जातं. खोक्यातल्या कागदावर नाव, पत्ता, फोटो, बारा आकडे सगळं शाबूत.

अशा कागदावर कुणी भलत्यानेच खातं उघडलं, तर ‘केवायसी पूर्ण आहे’ या उत्तरावर बँकेची सुटका होऊ नये. कागद खरे होते, माणूस समोर होता का, हा खरा प्रश्न आहे. आज मात्र ‘हाई खातं मन्हं नही शे’ हे सिद्ध करायला ज्याचं नाव चोरलं गेलं तोच मजुरी बुडवून खेटे घालतो.

पैसे गेले असतील तर आधी सायबर हेल्पलाइनचा १९३० हा क्रमांक फिरवावा; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती रोखण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. पाठोपाठ बँकेत लेखी तक्रार, शिक्क्याची पोच घेऊन. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे उडवले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला. ओळखचोरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार ‘हद्द आमची नाही’ म्हणून पोलिसांना तक्रारदाराला परत पाठवता येत नाही.

पैसे गेले नसले तरी तीन गोष्टी तपासाव्यात. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं. नावावर परस्पर कर्ज उचललंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये कळतं. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. आधार कुठे कुठे वापरलं गेलं, याची सहा महिन्यांची नोंद आधारच्या संकेतस्थळावर असते. तिथेच बोटांच्या ठशांना कुलूप लावता येतं. रेशन दुकानात अंगठा द्यायचा तेवढ्यापुरतं ते काढायचं.

इतकं करून तक्रार द्यायला गेलेल्याला खिडकीवर पहिला प्रश्न येतो, ‘आधारची झेरॉक्स आणलीय?’ ती द्यावी, पण शेवटचे चारच आकडे दिसणारी. आणि त्यावर आडवी रेघ मारून लिहावं : ‘फक्त तक्रारीसाठी’, खाली सही, तारीख.

– खातेदार