कलौंजी विका, पण उतारा म्हणून नको

व्यापारी बंधूंनो, कलौंजीचे तेल आणि कॅप्सूल यांना बाजारात चांगला उठाव आहे. तिच्याविषयी आपल्या समाजात पूर्वापार आदर असल्याने गिऱ्हाइकाला फार पटवावेही लागत नाही. परंतु ‘बाटलीबंद खाण्यातील रसायनांनी मर्दानगीवर झालेला परिणाम ही कॅप्सूल घालवते’ असे सांगून माल खपवणे मुळीच योग्य नाही.

या दाव्यात तथ्य किती? अचार, शरबत, सॉस टिकावे म्हणून सोडियम बेंझोएट घालतात. बाटलीवर त्याचा क्रमांक २११ असतो. ते मोठ्या मात्रेत दिल्यावर नर उंदरांचे शुक्राणू घटल्याचे प्रयोग आहेत. कलौंजीतील थायमोक्विनोन या घटकाने इतर काही विषारी द्रव्यांपासून उंदरांच्या वृषणांना होणारी इजा कमी झाल्याचेही आढळले आहे. पण हे सारे उंदरांवर, मोजून दिलेल्या मात्रेत. त्यावरून माणसाला हमी देता येत नाही.

उतारा शोधत बसण्यापेक्षा मूळ वस्तूलाच लगाम घालणे शहाणपणाचे. नर उंदरांच्या जननेंद्रियांवर परिणाम दिसल्याने युरोपीय संघाने २००६ साली प्रोपिल पॅराबेन हे द्रव्य खाद्यपदार्थांतून बाद केले. बेंझोएटसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३००, तर १५ किलोच्या मुलाला अवघे ७५ मिलिग्रॅम. जागतिक तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये हा आकडा २० वर नेला. तरी मर्यादा ही आहेच.

म्हणून अचार-शरबत बनवणाऱ्या भावांनी बेंझोएट चमच्याच्या अंदाजाने टाकू नये, बारीक काट्यावर तोलून टाकावे. मीठ, साखर, सिरका, तेल यांनी काम भागत असेल तर उत्तमच; आपल्या देशाच्या २०११ च्या नियमांत हेच जिन्नस पहिल्या वर्गाचे टिकाऊ पदार्थ मानले आहेत.

औलादीसाठी हवालदिल झालेले जोडपे दुकानात आले, तर त्यांना कॅप्सूल नव्हे, डॉक्टरचा रस्ता दाखवा. आणि तपासणी नवऱ्याचीही करा, हे जरूर सांगा. त्यांचे वाया गेलेले वर्ष आपल्या नफ्यातून भरून निघत नाही.

आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे, मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही. कलौंजी खुशाल विका, मसाला म्हणून विका. पण जे सिद्ध झालेले नाही त्याचे दाम घेऊ नका.