मापावरून वय कळत नाही

काटेरी चेंडूसारखा दिसणारा सी-अर्चिन किती वर्षे जगतो, या प्रश्नाने कोणाची झोप उडण्याचे कारण नाही. तरीही रविवारच्या निवांत सकाळी मी तो वाचकांपुढे ठेवतो आहे. कारण त्याच्या उत्तरावर एका अख्ख्या धंद्याचा हिशेब उभा आहे.

अलास्कापासून मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या समुद्रात तांबडा सी-अर्चिन राहतो. त्याच्या प्रजननग्रंथी जपानमध्ये ‘उनी’ म्हणून चवीने खाल्ल्या जातात. त्यासाठी १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात तो पकडण्याचा धंदा सुरू झाला, १९८८ मध्ये शिगेला पोहोचला आणि मग उतरणीला लागला. हा प्राणी फार तर पंधरा वर्षे जगतो, अशी तेव्हा समजूत होती. म्हणजे मोठे झालेले आज ना उद्या मरणारच. पाणबुड्यांनी नेले तर बिघडले कुठे?

बिघडले ते असे. टॉमस एबर्ट आणि जॉन साउदन या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये वेगळेच चित्र मांडले. टेट्रासायक्लीन टोचून सोडलेल्या अर्चिनच्या जबड्यावर खूण उमटते. पुढे तो पुन्हा सापडला की मधल्या काळातली वाढ मोजता येते. लहानपणी भराभर वाढणारा हा प्राणी नंतर अगदी रेंगाळत वाढतो, पण थांबत नाही. १९५०च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांनी समुद्रात वाढवलेला किरणोत्सारी कार्बनही त्याच जबड्यात साठलेला होता. (माणसाच्या त्या उपद्व्यापाचा एवढा तरी उपयोग झाला म्हणायचा!) दोन्ही हिशेब जुळले. मोठे अर्चिन शंभरी ओलांडलेले निघाले, काही तर दोनशेच्या घरातले. आणि तरीही प्रजननात ते तरुणांच्या मागे नाहीत.

आता घरगुती गणित करून पाहा. दरवर्षी शंभरातले दहा मरतात असे धरले, तर वीस वर्षांनी बाराच उरतात. दोनच टक्के मरतात असे धरले, तर सदुसष्ट. पहिला आकडा धरून चालणारा माणूस व्याज समजून मुद्दलच उचलत असतो. शिवाय तांबड्या अर्चिनची पिल्ले थोरांच्या काट्यांखाली आसरा घेतात. थोर गेला की छप्परही गेले.

उत्तर कॅलिफोर्नियात २०१४ नंतर केल्पची समुद्री वने बहुतांश नष्ट झाली, त्यात अर्चिनचाच हात नव्हता का, असे कोणी विचारील. होता, पण तो प्रामुख्याने जांभळ्या जातीचा. त्याची शिक्षा तांबड्याला कशाला?

कॅलिफोर्नियाने अमुक मापापेक्षा लहान अर्चिन पकडू नये, असा नियम केला. वॉशिंग्टन राज्याने लहानांबरोबर फार मोठ्यांनाही हात लावायला बंदी केली. मला वॉशिंग्टनचा नियम अधिक शहाणपणाचा वाटतो.