मटण सुटले, ताटात काय आले?

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या पुष्कळ घरांत मटण-मासळी बंद होते. कुणी आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने पाळतात, कुणी फक्त उपोसथाच्या दिवशी पाळतात आणि काही कुटुंबांनी तर मांसाहार कायमचाच सोडलेला आहे. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेले असते, कुणाच्या मनाला जीवहत्या पटत नाही. विहारात विषय निघाला की चर्चा 'खावे की न खावे' यावरच अडते. सोडल्यावर त्या जागी ताटात काय आले, हे मात्र कुणी विचारीत नाही. आम्हाला आज तेच विचारायचे आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट साफ करून घेऊ. बौद्ध झाला म्हणजे शाकाहारी झालाच पाहिजे, असा धम्माचा दंडक नाही. भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करावे ही मागणी देवदत्ताने केली होती आणि तथागतांनी ती सक्तीची करण्यास नकार दिला, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. जीवकसुत्तात आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तसा संशय आला तर ते मांस भिक्खूने घेऊ नये, एवढेच सांगितले आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत फरक केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मांस न खाण्याची नाही. तेव्हा जो खातो तो कमी बौद्ध आणि जो सोडतो तो मोठा उपासक, असा हिशेब कुणी मांडू नये.

हे सांगण्याचे कारण आहे. काही घरांत मांसाहार सुटतो तो करुणेने नव्हे, लाजेने सुटतो. सोसायटीत खोली मिळावी, शेजारणीने नाक मुरडू नये, मुलाच्या डब्याकडे कुणी वाकडे पाहू नये म्हणून. ज्या अन्नावर आपल्या आजा-आजींनी दिवस काढले, त्या चान्या, ते रक्तीचे कालवण, त्याविषयी शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. ते गेल्यावर त्याच्या जागी डाळ वाढली का? बहुतेक घरांत बटाटा वाढला.

खरी अडचण इथेच आहे. रविवारचे अर्धा किलो मटण बंद झाले की ते पैसे कुठे जातात, हे घरातल्या कर्त्या माणसाने जरा पाहावे. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, डाळ नेमाने मिळत नाही. मग सकाळी चहा आणि खारी, दुपारी चपाती आणि बटाट्याची भाजी, रात्री भात आणि ज्यात डाळ शोधावी लागते असे पातळ वरण. पोट भरते, अंग भरत नाही. मटण बंद केलेत तर ते पैसे मोडू नका, डाळीच्या डब्यात घाला. अर्धा किलो मटणाच्या पैशात आजच्या भावाने दोन किलो डाळ सहज येते.

डाळ किती लागते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) असा अंदाज दिला आहे. म्हणजे तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ, दोन्ही कोरडे मोजून. आई-वडील आणि तीन मुले अशा घरात रोजची तीनशे ग्रॅमच्या वर डाळ शिजली पाहिजे. आपल्याकडे एवढी किती घरांत शिजते, हे ज्या भगिनी पातेले चढवतात त्यांना ठाऊक आहे.

ती सगळी तूरडाळच असावी असे नाही. मूग, मटकी, चवळी, हुलगा, मसूर, हरभरा, जे स्वस्त मिळेल ते घ्यावे. शेंगदाणा हा गरिबाचा बदाम म्हणतात ते उगाच नाही, शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनच्या वड्यांत तर निम्मे वजन प्रथिनांचे असते. त्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि येसूर घालून रस्सा केला तर रविवारची आठवण काढणाऱ्या घरधन्याचेही समाधान होते. जिभेला हवा असतो तो बहुतांशी मसालाच. (घरधन्याला हे आधी सांगू नये.)

नुसता भात खाल्ला तर त्यातली प्रथिने अपुरी पडतात, नुसत्या डाळीतलीही पडतात. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. भाकरी-पिठले, खिचडी, भात-आमटी हे आपले जुने जेवण म्हणूनच चांगले. कडधान्याला मोड आणून खाल्ले तर ते पचायला हलके होते आणि त्यातले लोह अंगी जास्त लागते. नाचणीची भाकरी किंवा आंबील मुलांना अवश्य द्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तिळाची आणि कारळाची चटणीही अशीच गुणाची.

आता घरच्या बाईविषयी. मटण होते तेव्हाही फोडी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जात होत्या, बाईच्या वाट्याला तळचा रस्सा येत होता. शाकाहार आला तरी ती शेवटीच जेवते आणि तोवर दाट वरण संपलेले असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. धुणीभांडी करणारी, बांधकामावर घमेली उचलणारी आपली बहीण त्यात नसेल कशी? मांसातले लोह शरीर चटकन घेते, भाजीपाल्यातले तितके घेत नाही. म्हणून शाकाहारी बाईने जास्त जपले पाहिजे. तांदुळजा, हरभऱ्याचा पाला, शेवग्याची पाने, हळीव हे खाण्यात ठेवावे. जेवताना लिंबाची फोड पिळावी, म्हणजे लोह अंगी लागते. जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. तासभर थांबावे. गरोदर मातांना सरकारी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या आणून फडताळात ठेवू नयेत, खाव्यात. आणि डाळीचे पातेले पुरुषमंडळी बसण्याआधीच बाईची वाटी बाजूला काढून मग वाढावे. ही वाटी तिने स्वतः काढायची वेळ येऊ नये, घरधन्याने काढावी.

उपोसथाला साबुदाण्याची खिचडी करण्याची चाल आपल्या घरांत कुठून आली ते सांगायला नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. अष्टशील घेणाऱ्याने दुपारनंतर जेवायचे नसते, पण दुपारपूर्वी साबुदाणाच खावा असे कोणत्या सुत्तात आहे? त्या दिवशी मूगडाळीची खिचडी, ताक आणि एखादी पालेभाजी असावी.

एक जीवनसत्त्व मात्र झाडपाल्यात मिळत नाही, ते म्हणजे बी-१२. ते मांस, अंडी, दूध, दही यांतूनच मिळते. शरीरात त्याचा साठा असतो, त्यामुळे मांस सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही. दोन-तीन वर्षांनी हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होते, थकवा येतो, विसरायला होते आणि लोक वयावर खापर फोडतात. रोज वाटीभर दही किंवा कपभर दूध घ्यावे, नसेल परवडत तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. ती फार महाग नसते.

मुलांच्या बाबतीत आमचे मत थोडे वेगळे आहे. मोठ्यांनी आपल्या विचाराने मटण सोडावे, वाढत्या लेकरांचे अंडे सोडवू नये. २०२३ साली महाराष्ट्रातील शाळांच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने आणि थोडे बी-१२ असते, गरिबाच्या मुलाला ते घरी रोज मिळेलच असे नाही. ज्यांच्या मनाला अंडेही पटत नाही त्यांनी त्याऐवजी मुलाच्या डब्यात रोज मोडाची मटकी, दाण्या-गुळाचा लाडू आणि दही द्यावे, आणि दर तीन-चार महिन्यांनी अंगणवाडीत किंवा शाळेत त्याचे वजन पाहून घ्यावे.