सुपरमॅनला ती थप्पड ऐकू का आली नाही?

मे महिन्यात आमच्या संघटनेने वस्तीतल्या किशोरींचं तीन दिवसांचं शिबिर घेतलं. शेवटच्या संध्याकाळी एखादा चित्रपट दाखवायचं ठरलं. कोणता, यावर बैठकीत तासभर वाद झाला. वस्तीतल्या मुलांवर ‘कबीर सिंग’ (२०१९) आणि ‘ॲनिमल’ (२०२३) यांच्या नायकांची छाप आहे. तशी दाढी, तशी भाषा, मुलीकडे बघण्याची तशीच मालकीची नजर. याला उतारा म्हणून काहीतरी स्वच्छ, जुन्या वळणाचं दाखवावं असं सगळ्यांचं मत पडलं आणि १९७८ सालचा ‘सुपरमॅन’ मीच सुचवला. रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला, क्रिस्टोफर रीव्हचा. लहानपणी दूरदर्शनसमोर बसून पाहिलेला आणि मनात घर करून राहिलेला.

चित्रपट इंग्रजी, म्हणून मी मधेमधे थांबवून मराठीत सांगत होते. सुपरमॅन शहरात पहिल्यांदा प्रकट होतो त्या रात्री तो कामांचा नुसता धडाका लावतो. गच्चीवरून लोंबकळणाऱ्या हेलिकॉप्टरमधून पडलेल्या पत्रकार लोइस लेनला हवेत झेलतो, चोरांना पकडतो, वीज कोसळलेलं विमान सावरतो. मधेच झाडावर अडकलेली मांजर उतरवून एका चिमुरडीच्या हातात देतो. आमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. ती चिमुरडी धावत घरात जाते आणि आईला सांगते, आकाशातून एक माणूस आला होता. आई पडद्यावर दिसत नाही. खोटं बोलते म्हणून तिने केलेली दटावणी तेवढी ऐकू येते आणि पाठोपाठ एक थप्पड. तो आवाज मला मराठीत सांगावा लागला नाही.

तिथे प्रेक्षकांनी हसावं अशी योजना आहे. आमच्या काही मुली हसल्याही. पण शेवटी चर्चेला बसलो तेव्हा मागच्या रांगेतली चौदा वर्षांची एक मुलगी म्हणाली, “ताई, तो खलनायक जमिनीखाली बसून बोलतो, कुत्र्यांशिवाय कुणाला ऐकू येत नाही अशा आवाजात. ते याला ऐकू येतं. मग त्या मुलीला मारलं ते कसं नाही ऐकू आलं?”

मला उत्तर देता आलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करून समुपदेशन केंद्रात दहा वर्षं काढलेली मी, गप्प बसले. पुढच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाली, “इतकी चिरफाड कशाला? मुलींना एक तरी चांगला पुरुष बघू दे की!” दुसरी म्हणाली, “मर्दानगीचंच कौतुक आहे ते. दाखवलाच कशाला?” मला ही दोन्ही मतं मान्य नाहीत. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी दुसरीला उत्तर देते. मैत्रिणींनो, हा चित्रपट आपल्याला का आवडतो ते प्रामाणिकपणे कबूल करू या. त्या माणसाच्या अंगात डोंगर हलवण्याचं बळ आहे आणि ते तो बाईवर वापरत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ती! आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईने पाहिलेलं बळ म्हणजे दारात उभं राहिलेलं, वाट अडवणारं बळ. तिला असा बलवान पुरुष पडद्यावर बघून बरं वाटलं तर तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय हा माणूस शब्द पाळतो. खलनायक लेक्स लूथरने त्याला पाण्यात बुडवून मारायचा घाट घातला असतो, तेव्हा त्याला वाचवते ती लूथरच्याच घरातली मिस टेशमाकर. तिची आई जिथे राहते त्या गावावर एक क्षेपणास्त्र सुटलेलं असतं. ते आधी अडव, असं वचन ती घेते. तो ते पाळतो आणि म्हणूनच लोइसपाशी पोचायला त्याला उशीर होतो. बाईला दिलेला शब्द स्वतःचं नुकसान सोसून पाळणारा नायक आपल्या पडद्यावर किती वेळा दिसतो? तेव्हा आकर्षण खोटं नाही. ते एका खऱ्या भुकेचं लक्षण आहे.

आता पहिलीला उत्तर. ‘स्वच्छ’ म्हणजे काय, हे आपण ठरवलं आहे का? आपल्याकडे घरच्यांबरोबर बसून बघण्याजोगा चित्रपट म्हणजे ज्यात चुंबन नाही तो. थप्पड असली तरी चालते. जेम्स गन यांचा नवा ‘सुपरमॅन’ २०२५ मध्ये आला, तेव्हा सेन्सॉरने कात्री लावली ती सुपरमॅन आणि लोइस यांच्या चुंबनाला. दोघांच्या खुशीचं चुंबन अस्वच्छ! आणि नायिकेला थप्पड मारणारा नायक वर्षातला सर्वांत मोठ्या कमाईच्या चित्रपटांपैकी एकाचा धनी. स्वच्छतेची ही फूटपट्टी कुणी बनवली, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं?

त्याच फूटपट्टीने १९७८चा चित्रपट स्वच्छ ठरतो. पण जरा नीट बघा. लोइस बातमी घेऊन संपादकाकडे जाते तेव्हा तो त्यात एकच चूक काढतो, ‘बलात्कारी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दात तिने एक अक्षर जास्त घातलं आहे. बातमीतल्या बाईचं काय झालं? विचारूच नका, तो विनोद आहे. सुपरमॅनचं दुसरं रूप म्हणजे क्लार्क केंट, चष्मा लावणारा, मऊ बोलणारा, आईला अंतर न देणारा. त्याचं काय होतं? हसं होतं. गल्लीत लुटारू पिस्तूल रोखतो तेव्हा लाथ मारते लोइस आणि क्लार्क चक्कर आल्याचं सोंग करतो. आपल्याला कळतं की गोळी त्यानेच मुठीत झेलली आहे, म्हणून आपण त्याला माफ करतो. ती गोळी झेलता आली नसती तर? आमच्या वस्तीत बायकोसाठी नळावरून हंडा भरून आणणाऱ्या एका तरुणाला मित्रांनी इतकं चिडवलं की त्याने ते सोडून दिलं. त्याच्या सदऱ्याखाली निळा पोशाख नव्हता ना! सभ्यपणा बलवानालाच शोभतो, दुबळ्याचा सभ्यपणा म्हणजे बावळटपणा, असा हा धडा आहे. आम्ही मुलग्यांची शिबिरं घेतो तेव्हा याच धड्याशी आमची झटापट असते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट. सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी, मंदीच्या काळात त्याला जन्म दिला. त्या पहिल्याच अंकात तो काय करतो, ठाऊक आहे? एका घरात नवरा बायकोला मारतो आहे अशी खबर येते. सुपरमॅन थेट त्या घरात शिरतो आणि नवऱ्याला भिंतीवर आपटतो. म्हणजे १९३८ साली त्याला घरातली थप्पड ऐकू येत होती! उंबरठा त्याला आडवा आला नाही. चाळीस वर्षांनी, प्रचंड खर्च करून तो पडद्यावर आला तेव्हा मांजर उतरवून निघून गेला आणि घरातली थप्पड विनोद झाली. १९७८पर्यंत तर अमेरिकेतल्या बायकांनी मारहाण झालेल्या स्त्रियांसाठी आसरा घरं उघडली होती. ज्या दशकात बायका ‘घरातलं भांडण’ ही गोष्ट चव्हाट्यावर आणत होत्या, त्याच दशकात नायक घराबाहेर थांबायला शिकला. ‘स्वच्छ’ होणं याला म्हणतात काय?

पण १९३८च्या त्या नायकालाही मी डोक्यावर घेणार नाही. नवरा बेशुद्ध पडतो, पोलीस येतात, गोष्ट पुढे सरकते. त्या बाईचं पुढे काय झालं, ते चित्रांत नाही. ती कुठे राहिली? मुलांचं काय? नवरा शुद्धीवर आल्यावर काय झालं? मैत्रिणींनो, आपलं सगळं काम नेमकं त्या न काढलेल्या चित्रांत आहे. “ताई, दोन माणसं पाठवा आणि त्याला एकदाच चांगला दम द्या,” असं दर महिन्याला एखादी तरी म्हणतेच. दम दिला की आठ दिवस शांतता असते. नवव्या दिवशी तो विचारतो, “आता कुठे आहेत तुझ्या ताया?”

आणि शेवट! भूकंपात लोइसची गाडी जमिनीत गाडली जाते, ती मरते. सुपरमॅन दुःखाने वेडापिसा होऊन पृथ्वीभोवती घिरट्या घालतो आणि काळच मागे फिरवतो. लोइस जिवंत, गाडी शाबूत. तिला काहीच आठवत नाही, ती आपली गाडीवरून कुरकुरत बसली आहे. काय घडलं ते ठाऊक आहे फक्त त्याला. लहानपणी मी इथे रडले होते. या वेळी माझ्या अंगावर काटा आला. कारण ‘झालं गेलं विसरून जा’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. सासरचे म्हणतात, माहेरचे म्हणतात, तडजोडीच्या कागदावर सही घेणारे म्हणतात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा, जणू काही घडलंच नाही! काळ मागे फिरवण्याची ही आपली घरगुती पद्धत. त्यात जखम तर पुसली जात नाहीच, पुसली जाते ती तिची साक्ष. तारखा, डॉक्टरचा कागद, शेजारणीने पाहिलेलं, हे सगळं. सहा महिन्यांनी ती पुन्हा येते तेव्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. आपण केसपेपरवर तारीखवार नोंद करतो ना, ती याचसाठी. काळ मागे फिरू नये म्हणून.

कुणी म्हणेल, चित्रपट तो चित्रपट, एवढं काय? तर मग पडद्याबाहेर बघा. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये ती चकमक बनावट ठरवली, तेव्हा फुलं उधळणारे कुठे होते? सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला आणि मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. तारणहाराची ही भूक अशी शेवटी बंदुकीवर जाऊन पोचते. सुपरमॅन निदान लूथरला तुरुंगात नेऊन सोडतो आणि त्याच्यावर रीतसर खटला चालेपर्यंत सांभाळा म्हणतो. आमचे फलकवाले त्याच्याइतकेही जुन्या वळणाचे नाहीत!

मात्र तुरुंगाधिकाऱ्याला सुपरमॅन असंही सांगतो की आपण सगळे एकाच गटातले. हे मला पटत नाही. तो चित्रपट प्रदर्शित झाला त्याच १९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मथुरा खटल्यात दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसांकडून जे घडलं त्याचा तो निकाल होता. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी ४९८अ आलं. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, त्यातला राहत्या घराचा हक्क, तोही असाच मिळाला. यातलं काहीही आकाशातून आलेलं नाही. पत्रकं वाटून, सह्या गोळा करून, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून आलं आहे. बऱ्या माणसाच्या मर्जीवर मिळालेली सुरक्षितता मर्जी फिरली की जाते. हक्क मात्र मागता येतो, आणि नाही मिळाला तर त्यासाठी भांडताही येतं.

२०२५च्या चित्रपटात लोइस सुपरमॅनची मुलाखत घेताना त्याला सरळ विचारते, दोन देशांच्या भांडणात पडण्यापूर्वी तू कुणाला विचारलंस? तो चिडतो. मला हा प्रसंग उडण्याच्या सगळ्या प्रसंगांपेक्षा जास्त आवडला. चांगल्या माणसालाही जाब विचारता येतो, विचारला पाहिजे.

आणि तो जाब आपल्यालाही लागू आहे. मीसुद्धा कित्येकदा केंद्रात उडत उडत जाते. तिच्यावतीने फोन करते, तिच्यावतीने ठरवते, ‘मी तिला सोडवली’ असं बैठकीत सांगते. मांजर उतरवून टाळ्या घेते. मग संध्याकाळी तिच्या घरात काय होतं, ते ऐकायला मी थांबते का?

त्या मुलीला मी उत्तर देणं बाकी आहे. दिवाळीच्या शिबिरात हाच चित्रपट पुन्हा दाखवणार आहे, कुणी काही म्हणो. आवडला तर आवडू दे. पण थप्पडेचा आवाज आला की तिथे थांबवणार आणि तिला सांगणार, बाई गं, त्याला ऐकू आलं नाही कारण गोष्ट सांगणाऱ्यांना ती थप्पड ऐकण्यासारखी वाटली नाही. तुला वाटली. आता त्या घराचं दार आपण सगळ्यांनी मिळून कसं वाजवायचं, ते बोलू या.